बाईचं नाव

नवनाथच्या डोक्याला साबण होता, डोळे घट्ट मिटलेले होते, आणि नेमक्या त्याच वेळी नळातून फुस्स करून नुसता वारा आला. त्याने चाचपडत नळ आणखी फिरवला. नळ एकदा खाकरला आणि गप्प झाला.

"रुपाली! पाणी गेलं!"

"मला काय सांगता? सेक्रेटरी तुम्ही आहात," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

तेही खरंच होतं म्हणा. गेल्या वर्षीच्या सभेत नवनाथने उभं राहून एकच प्रश्न विचारला होता, "लिफ्ट दर मंगळवारीच का बंद पडते?" पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमध्ये प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर देत नाहीत, पद देतात. लिफ्ट अजून मंगळवारीच बंद पडते आणि नवनाथ सेक्रेटरी आहे.

आता प्रश्न विचारायची ही खोड त्याला जन्मजात नव्हती. बीडकडून आला तेव्हा मुकाट माणूस होता. चाकणच्या कंपनीत क्वालिटी खात्याला लागला आणि बिघडला. तिथे एखादा पार्ट खराब निघाला की 'व्हाय-व्हाय' करायचं असतं. म्हणजे पाच वेळा 'का' विचारायचं. ओरखडा का आला? ट्रे खडबडीत म्हणून. ट्रे खडबडीत का? असं करत पाचव्या 'का'ला मूळ कारण सापडतं, अशी कंपनीची श्रद्धा आहे. नवनाथने हा प्रयोग एकदा घरी खारट आमटीवर करून पाहिला. दुसऱ्या 'का'लाच रुपालीने आमटीचा डाव त्याच्या हातात दिला, आणि तेव्हापासून घरात व्हाय-व्हायला बंदी आहे.

डोक्याला टॉवेल गुंडाळून तो खाली उतरला. मागच्या गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर भोंगा वाजवत उभा होता. गल्लीत एक जुना निळा ट्रॅक्टर बरोब्बर आडवा लावलेला होता, आणि ट्रॅक्टरवर चिमाजी अण्णा बसले होते. डोक्याला पांढरी टोपी, हातात चहाची कपबशी.

चिमाजी अण्णा म्हणजे इथले मूळचे. जिथे आज सोसायटी उभी आहे तिथे त्यांचा कांदा असायचा. जमीन बिल्डरला दिली, मोबदल्यात पहिल्या मजल्यावर दोन फ्लॅट घेतले. पण ही मागची गल्ली काही दिली नाही. गल्ली अजून अण्णांच्याच नावावर होती, आणि टँकरला दुसरी वाट नव्हती.

"अण्णा, हे काय?"

"पाटी कोनाला इचारून लावली?" अण्णांनी बशीत चहा ओतला.

आता नवनाथच्या डोक्यात प्रकाश पडला. सोसायटीच्या गेटवरची जुनी पाटी बारा वर्षांत झडून गेली होती. 'फ्रेया हाइट्स'मधलं नुसतं 'या हाइ' उरलं होतं. नवनाथने भोसरीच्या ओळखीच्या माणसाकडून स्टीलची नवी अक्षरं कापून घेतली, मागून दिवे लावले आणि काल संध्याकाळी झोकात पाटी चढवली. सगळ्यांनी अंगठे वर करून वाहवा केली होती. अण्णा मात्र पाठ फिरवून वर निघून गेले होते.

"जुनी पडली होती अण्णा."

"तेच म्हनतो! मी वाट बघत व्हतो ती पडायची! बारा वरसं! आदीचा सेक्रेटरी मला म्हनला व्हता, अण्णा, ही पाटी पडली की फुडची तुमच्या मनासारकी."

आधीचा सेक्रेटरी फ्लॅट विकून बाणेरला गेला होता. जाताना त्याने नवनाथला एक कपाट, दोन शिक्के आणि बंद पडलेला कॅल्क्युलेटर दिला होता. हा शब्द तेवढा द्यायचा राहिला.

"कोन ही फ्रेया?" अण्णांचा आवाज चढला. "आमच्या रानात कदी खुरपाया आली व्हती? का कांदं काडाया आली व्हती? बाप वारल्यावर भाऊबंदांनी जमीन गिळायला आ वासला व्हता. आमच्या आईनं कासोटा घालून ती राखली. म्हनून गणराजशेठला म्हनलं, जमीन देतो, पन बिल्डिंगला नाव आमच्या आईचं. शेठ व्हय म्हनला. आन् उद्घाटनाला पाटीवरचा कपडा काडला, तर ही फ्रेया! म्हनलं, शेठ हे काय? तर समद्यांदेखत तोंडाव म्हनतो, 'अण्णा, दिलं की तुमच्या आईचं नाव.' इतका लबाड मानूस मी उभ्या जन्मात बगितला न्हाई. टोपी टाकून निघून आलो. त्यानंतर त्याचं तोंड बगितलं न्हाई."

नवनाथला ते पटलं. माणूस चुकीचं बोलत नव्हता. त्याने खिशातून पेन काढलं. "अण्णा, पुढच्या रविवारी वार्षिक सभा आहेच. विषय घेतो. आईंचं नाव सांगा."

अण्णांनी बशी तोंडाला लावली. नवनाथ थांबला. बशी रिकामी झाली तरी खाली येईना.

"बाई," अण्णा शेवटी म्हणाले.

"हां, पण पूर्ण नाव?"

"बाई म्हंजे बाईच. आमी लेकरं बाई म्हनायचो, गाव बाई म्हनायचं, सावकारबी बाई म्हनायचा."

टँकरवाला खिडकीतून डोकावला. "काय राव अण्णा! आईचं नाव विसरलात?"

"विसराया आदी ठावं तर पायजे!" अण्णा ओरडले, आणि ओरडून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण कान लहान पोरासारखे लाल झाले. नवनाथला फार वाईट वाटलं. त्याने पेन खिशात ठेवलं.

लेकराबाळांसाठी रोज एक टँकर सोडायचा, बाकीचं रविवारनंतर, असा तह झाला. नवनाथ वर जाऊन वाळलेला साबण खरवडत बसला.

सभेच्या नोटिशीत विषय क्रमांक सात पडला, 'इमारतीस श्री. चिमाजी यांच्या मातोश्रींचे नाव देणेबाबत'. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एरवी वाढदिवसाचे केक आणि पार्किंगची भांडणं असतात. त्या दिवशी मात्र पहिला निरोप आला बी-३०२ मधून : 'त्यांच्याच आईचं का?'

आता या प्रश्नात तसं गैर काही नव्हतं, आणि तीच तर पंचाईत होती. आई काय एकट्या अण्णांना होती? बी-३०२ ने स्वतःच्या आईचं नाव सुचवलं, फोटोसकट. मग ए-१०१ ने सुचवलं. ए-४०४ ने सासूचं नाव सुचवलं, त्यावर ग्रुपवर बराच वेळ शांतता पसरली. दोन दिवसांत बावीस मातोश्री मैदानात उतरल्या.

"आणि तुमच्या आईने काय घोडं मारलंय?" रुपालीने जेवताना विचारलं. "सावित्रीबाई हाइट्स. किती भारदस्त वाटतं."

"अगं, मी सेक्रेटरी आहे."

"म्हणूनच म्हणते. पदाचा एकदा तरी उपयोग होऊ द्या."

अध्यक्ष मालोजीराव निवृत्त कारकून. त्यांनी लगेच छापील फॉर्म काढला : फ्लॅट क्रमांक, सभासदाचे नाव, मातोश्रींचे संपूर्ण नाव. चोवीस फॉर्म गेले. तेवीस भरून परत आले. अण्णांनी त्यांच्या फॉर्मवर थरथरत्या अक्षरांत 'बाई' एवढंच लिहिलं होतं. कुणीतरी त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. त्याखाली कुणीतरी विचारलं, 'कुठली? धुण्याची की भांड्यांची?' आणि सतरा जणांनी हसण्याची चित्रं टाकली.

अण्णांनी संध्याकाळी फॉर्म परत मागून घेतला. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर नवनाथला बरं वाटलं असतं.

मग नवनाथने अण्णांचा सातबारा पाहिला, त्यावर वडिलांचं नाव, मग थेट पोरांची. बाईने राखलेल्या जमिनीच्या कागदावर बाई कुठेच नव्हती. जुनं रेशनकार्ड ट्रंकेच्या तळाशी सापडलं, त्यात 'पत्नी : एक'. गावच्या मृत्यूच्या नोंदीत 'चिमाजीची आई'. वडील तिला 'अगं ए' म्हणत आणि ती वडिलांना 'अवं' म्हणे. दोघांनी एकमेकांचं नाव घेतलं असेल ते फक्त लग्नात, उखाण्यात. त्या लग्नाला हजर असलेलं आता कुणी उरलं नव्हतं.

"एक आक्का हाय," अण्णा म्हणाले. "निगडीला. तिला ठावं असंल."

नवनाथने अर्धी रजा टाकली आणि अण्णांना मोटारसायकलवर मागे घेऊन निगडी प्राधिकरण गाठलं. सरूबाई म्हणजे अण्णांची थोरली बहीण, वय चौऱ्याऐंशी, कान आणि जीभ दोन्ही शाबूत. मुलाच्या बंगल्यासमोर खुर्ची टाकून लसूण सोलत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"माहेरचं नाव लग्नात बदललं, ते तितंच राहिलं. सासरी तांदळात काडून नवं नाव दिलं, आन् मागनं ध्यानात आलं की आजेसासूचं नाव तेच! मग त्या नावानं सुनंला हाक मारायची कशी? म्हातारीचा अपमान न्हाई का? तवा धाकल्या दिरानं बाई म्हनाया सुरवात केली, आन् तेच चिकटलं."

"मग ते नवं नाव कोणतं होतं?" नवनाथने विचारलं.

"अरं बाबा, म्हातारीलाबी समदे म्हातारीच म्हनायचे."

नवनाथने कपाळाला हात लावला. सरूबाई मात्र उठली, आत गेली आणि एक पितळी कळशी घेऊन आली. पोटाला दोन पोचे, पण घासून लख्ख. कडेला ठोक्याठोक्याची अक्षरं होती : 'सरूस बाईकडून'.

"माज्या लग्नात दिली. भांड्यांव नाव घालनारा दारात बसला व्हता. त्यानं इचारलं, नाव काय घालू? तिला सांगता आलं असतं. पन ती म्हनली, बाई घाल. हसून म्हनली."

अण्णा कळशीवरून बोट फिरवत राहिले. मग जरा धीर येऊन त्यांनी ट्रॅक्टर कसा आडवा लावला, सोसायटीचं पाणी कसं तोडलं, तेही रंगवून सांगितलं. बहीण शाबासकी देईल असं वाटलं होतं.

"काय केलंस?" सरूबाईच्या हातातला लसूण खाली पडला. "बाईच्या नावाव पानी अडवलंस? मुडद्या! दुस्काळात आपल्या हिरीवर सात वाड्यांच्या बाया यायच्या. बाई कदी कुनाला न्हाई म्हनली? भांडायला आलेल्या भावकीलाबी आदी घागर भरू द्यायची, मग भांडायची. आन् तू तिचं नाव लावाया लोकांची लेकरं पारोशी ठेवतोस?"

चौऱ्याहत्तर वर्षांचे अण्णा मान खाली घालून उभे राहिले. परत आल्याबरोबर त्यांनी ट्रॅक्टर बाजूला घेतला. पाणी सुरू झालं, सोसायटी खूश झाली, आणि अण्णांच्या हातात आता काहीच उरलं नाही. ना ट्रॅक्टर, ना नाव.

"जाऊ द्या सेक्रेटरी," ते म्हणाले. "बाई लिवून दिलं तर लोक दात काडत्यात. दुसरं काय लिवू? खोटं नाव कसं लिवू?"

पण नवनाथला आता चैन पडेना. त्याने कागदावर व्हाय-व्हाय मांडलं. अण्णा का चिडले? पाटीवर आईचं नाव नाही म्हणून. का नाही? इथे त्याने गणराजशेठला फोन लावला. शेठचं काम आता दुसरीकडे चालू होतं, मागे खडीचा आवाज येत होता.

"मी शब्द पाळला होता," शेठ म्हणाले. "नाव दिलंय. अण्णांना तोंडावर सांगितलंय. आता स्लॅब पडतोय, ठेवतो." आणि फोन ठेवला.

दोन्हीकडची माणसं छातीवर हात ठेवून सांगत होती, आणि दोन्ही खरी असणं शक्य नव्हतं. क्वालिटीच्या माणसाला याहून मोठा त्रास देता येत नाही. नवनाथने तिसरा 'का' लिहिला : फ्रेयाच का? आणि पुढे जागा कोरी सोडली.

गुरुवारी कंपनीत स्वीडनच्या ऑफिसबरोबर व्हिडिओ मीटिंग होती. तिकडची क्वालिटीची पोरगी चाळीस मिनिटं ओरखड्यांवरून सगळ्यांना सोलत होती. शेवटी तिने विचारलं, आणखी काही? नवनाथची नजर पडद्यावर तिच्या चेहऱ्याखालच्या नावावर गेली. दर आठवड्याला तो ते नाव वाचत होता, पण एखाद्या नावाला 'का' विचारावं हे त्याला कधी सुचलंच नव्हतं. पडद्यावर लिहिलं होतं, फ्रेया.

"मॅडम, एक विचारू? तुमचं नाव... म्हणजे ही फ्रेया कोण?"

साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की पगारवाढ तिथेच विरली. पण पडद्यावरची पोरगी एकदम खुलली. इतक्या वर्षांत चाकणहून तिला ओरखड्यांशिवाय कुणी काही विचारलं नव्हतं. ती सांगत सुटली. फ्रेया ही त्यांच्याकडची जुनी देवी. प्रेमाची, आणि लढाईचीही. रणात पडलेले निम्मे वीर ती स्वतःच्या घरी नेते. तिच्या रथाला दोन मांजरं जुंपलेली असतात. तिचा नवरा लांबच्या प्रवासाला निघून गेला, तेव्हा ती रडली आणि तिचे अश्रू सोन्याचे झाले. मग वेगवेगळी नावं घेऊन ती त्याला परक्या मुलखात शोधत फिरली. शेकडो वर्षं लोक पोरीबाळींना हे नाव ठेवायला धजत नव्हते, देवीचं ना ते! मग अलीकडच्या शे-दोनशे वर्षांत धाडस झालं. "माझ्या आजीच्या पिढीत आमच्या गावात एकही फ्रेया नव्हती," ती म्हणाली, "आणि माझ्या वर्गात आम्ही तिघी होतो." साहेबसुद्धा हनुवटीला हात लावून ऐकत होते.

"आणि अर्थ काय नावाचा?"

"त्याचा इतिहास जरा मोठा आहे. सवडीने लिहून पाठवते," ती म्हणाली, आणि ओरखड्यांचा अहवाल सोमवारपर्यंत मागून गेली.

संध्याकाळी नवनाथने अण्णांना हे सगळं सांगितलं. परकी का होईना, देवी निघाली म्हटल्यावर अण्णांचा राग जरा उतरेल अशी त्याला आशा होती. अण्णांनी मन लावून ऐकलं.

"दोन मांजरं गाडी वढत्यात?"

"हो."

"एक मांजर तरी सरळ रेघंत चालतंय का? गाडी जानार कुटं?" अण्णांनी थोडा विचार केला. "आन् नवरा कशापायी गेला?"

"ते नाही सांगितलं. फिरतीवर असेल."

"आमचा बाप मेला तवा बाई रडली न्हाई. दुसऱ्या दिवशी मोट धरली." अण्णा उठले. "असंल देवी. चांगलीच असंल. पन आमची न्हाई ना."



रविवार उजाडला. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या, सतरंजी पडली. तेवीस मातोश्रींच्या नावांच्या चिठ्ठ्या बरणीत घालून एक काढायची, असं मालोजीरावांनी ठरवलं होतं. तरी बी-३०२ आईचा फोटो हार घालून घेऊन आला होता. शेवटच्या रांगेत अण्णा बसले होते, हातात तोच परत घेतलेला फॉर्म. शेजारी सरूबाई. तिला कुणी बोलावलं नव्हतं. "बाईच्या नावाची सभा हाय म्हनं," असं म्हणत ती निगडीहून रिक्षाने आली होती, मांडीवर कळशी घेऊन.

"चिठ्ठी काढण्यापूर्वी नियमाप्रमाणे," मालोजीराव म्हणाले, "सेक्रेटरींनी सध्याच्या नावाची माहिती सभेपुढे ठेवावी. ती नोंदवून मग ते नाव रद्द करू."

स्वीडनचा ईमेल सकाळीच आला होता, पण खुर्च्या मांडण्याच्या नादात नवनाथने तो उघडला नव्हता. त्याने फोन काढला आणि उभ्या उभ्या मराठी करत वाचायला सुरुवात केली. मांजरं आली, अश्रू आले. लोक जांभया देत होते.

"'आता तुम्ही अर्थ विचारला होता,'" नवनाथ वाचत होता. "'खरं सांगायचं तर फ्रेया हे मुळात नावच नाही. तो मान आहे. आमच्या जुन्या भाषेत घरच्या मालकिणीला, मोठ्या स्त्रीला असं म्हणायचे. जर्मन लोक आजही बायकांना फ्राउ म्हणतात, त्याचं मूळ तेच. तुमच्या भाषेत...'" नवनाथ थांबला. त्याने ओळ पुन्हा मनात वाचली.

"पुढं वाचा की," कुणीतरी म्हणालं.

"'तुमच्या भाषेत याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. काही अभ्यासकांना वाटतं की या देवीला आधी दुसरं, स्वतःचं नाव असावं. पण सगळे तिला मानाने त्याच एका शब्दाने हाक मारत राहिले, आणि तिचं खरं नाव लोक विसरून गेले.'"

वरच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी तेवढी ऐकू आली.

"परत वाचा," अण्णा उभे राहिले होते.

नवनाथने परत वाचलं. मग म्हणाला, "अण्णा, फ्रेया म्हणजे बाई."

कुणाचा विश्वास बसेना, म्हणून नवनाथने गणराजशेठला फोन लावून स्पीकरवर टाकला. आज स्लॅब नव्हता.

"अहो, मग मी काय सांगतोय बारा वर्षं!" शेठचा आवाज पार्किंगमध्ये घुमला. "अण्णांनी नाव सांगितलं बाई. आता 'बाई हाइट्स' म्हटलं तर फ्लॅट कोण घेणार? म्हणून जाहिरातवाल्यांना सांगितलं, अर्थ तोच ठेवा, पॅकिंग इंपोर्टेड करा. त्यांनी चार दिवस डोकं खाजवून हे आणलं."

"मंग नीट समजावून सांगायचं न्हाई व्हय?" अण्णा ओरडले.

"सांगायला तोंड उघडलं, तर तुम्ही टोपी फेकून चालते झालात! नंतर दोनदा घरी आलो, तुम्ही दार लावून घेतलंत."

अण्णांनी मान वळवली. पार्किंगच्या खांबाआडून गेटवरची पाटी दिसत होती, उलट्या बाजूने. ते तिच्याकडे बघत राहिले. डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. ज्या पाटीखालून बारा वर्षं ते मान फिरवून जात होते, ती पाटी आईचीच होती.

"मग विषय क्रमांक सात?" मालोजीरावांनी बरणी पुढे सरकवली. "चिठ्ठी काढायची ना?"

"कशाची चिठ्ठी?" सरूबाई कळशी घेऊन उठली. बी-३०२च्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "तुज्या आईचं नाव काय रं?"

"सोनाबाई."

"आन् तुज्या?"

"भागीरथीबाई."

"सेक्रेटरी, तुमच्या?"

"सावित्रीबाई," नवनाथ म्हणाला.

"मंग समद्यांच्या शेवटी कोन हाय? बाईच न्हवं? लागलं की समद्यांचं नाव!"

ए-४०४ ने हळूच विचारलं, सासूही त्यात धरायची का. धरली गेली. विषय क्रमांक सात अण्णांनीच मागे घेतला, आणि ज्या सतरा जणांनी हसण्याची चित्रं टाकली होती त्यांनी सगळ्यात मोठ्यांदा टाळ्या वाजवल्या. सरूबाईच्या कळशीतून सगळ्यांना पाणी दिलं गेलं.

सोमवारी सकाळी नवनाथने निवांत डोक्याला साबण लावला. अहवाल तयार होता, कोरा सोडलेला 'का' सुटला होता, ट्रॅक्टर बाजूला होता. त्याने गुणगुणत नळ फिरवला. नळ एकदा खाकरला आणि गप्प झाला.

"रुपाली! टँकर आला नाही का?"

"केव्हाचा आलाय," रुपालीने खिडकीतून वाकून पाहिलं. "गल्लीच्या तोंडाशी उभाय. अण्णांनी थांबवलाय."

"आता काय झालं?"

"काही नाही. ड्रायव्हरने गेटवरची पाटी वाचून विचारलं, ही फ्रेया कोण? ते त्याला पहिल्यापासून सांगतायत."

नवनाथने मिटल्या डोळ्यांनी टॉवेल चाचपला. "कुठपर्यंत आलंय?"

रुपाली जरा वेळ कान देऊन ऐकत राहिली.

"आत्ता कुठं मांजरं जुंपतायत," ती म्हणाली. "नवरा अजून घरीच आहे."